दक्षिण अमेरिकेतून परतल्यावर जखम भरत नाही? डॉक्टरांना प्रवास सांगा

ब्राझील, पेरू किंवा बोलिव्हियाच्या जंगलपट्ट्यात तुम्ही किंवा घरातले कोणी कामासाठी अथवा फिरायला राहून आले आहे का? परतल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, उघड्या अंगावर पुळी आली, ती फुटून कडा उंच असलेली जखम झाली आणि अँटिबायोटिक्स घेऊनही ती भरत नाही, तर लिशमॅनियासिस या आजाराची शंका घ्यायला हवी. ही जखम बहुधा दुखत नाही, त्यामुळे रुग्ण दुर्लक्ष करतात. आपल्याकडे अशा वेळी आधी मधुमेह तपासतात, ते योग्यच आहे. पण तुम्ही प्रवास सांगितला नाही, तर डॉक्टरांना हा आजार सुचणे कठीण.

हा आजार कशामुळे होतो?

लिशमॅनिया नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळे. अमेरिका खंडात तो लुत्झोमिया गटातल्या वाळूमाश्या पसरवतात. ब्राझीलचे शास्त्रज्ञ अडोल्फो लुत्झ यांच्यावरून हे नाव पडले. माशी जेमतेम 2-3 मिलिमीटरची, वाळूच्या रंगाची. नावात वाळू असली तरी ती समुद्रकिनाऱ्यावर शोधू नका. ती ओलसर माती आणि कुजक्या पाल्यात वाढते, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावते आणि डासासारखी गुणगुणत नाही. फक्त मादी रक्त पिते. जंगली प्राण्यांकडून किंवा कुत्र्यांकडून घेतलेला परजीवी ती पुढच्या चाव्यात माणसाच्या अंगात सोडते.

विदर्भातल्या वाचकांना चांदीपुरा विषाणूमुळे वाळूमाशी माहीत असेल. ती आपल्याकडची, वेगळ्या गटातली. लुत्झोमिया भारतात आढळत नाही. रुग्णाच्या जखमेला हात लागल्याने घरच्यांना हा आजार होत नाही, त्यामुळे त्याचे ताट-अंथरूण वेगळे करू नका.

जखम आपोआप भरली तर?

खरी काळजी इथेच आहे. जखम अनेकदा आपोआप भरते. पण लिशमॅनिया ब्राझिलिएन्सिस ही जात असेल, तर काही रुग्णांत परजीवी शरीरात टिकून राहतो आणि महिन्यांनी किंवा वर्षांनी नाक, टाळू, घसा पोखरतो. सुरुवात साधी असते: सतत चोंदलेले नाक, खपल्या, नाकातून रक्त. उशीर झाला तर नाकाच्या दोन भागांमधल्या पडद्याला भोक पडू शकते. म्हणून जुना व्रण असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना तोही दाखवा.

ब्राझीलमधली लुत्झोमिया लाँगिपाल्पिस ही माशी याच आजाराचा आतल्या अवयवांना होणारा प्रकार पसरवते. त्यात बरेच दिवस ताप, वजन घटणे, रक्त कमी होणे, प्लीहा वाढणे ही लक्षणे दिसतात. उपचार न केल्यास तो जिवावर बेततो.

तपासणी आणि उपचार

जखमेच्या कडेचा छोटा तुकडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि पीसीआर करतात. परजीवीची जात कळणे महत्त्वाचे, कारण औषध त्यावर ठरते. बिहारमधल्या काळा आजारात दिला जाणारा अँफोटेरिसिनचा एकच डोस इथे पुरेल असे धरून चालू नका. मिल्टेफोसिन गरोदरपणात देत नाहीत. ते घेताना आणि नंतर 5 महिने गर्भधारणा टाळावी लागते.

तिकडे जाणार असाल तर माणसांसाठी अजून लस नाही. संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, उघड्या अंगाला डीईईटी असलेले रिपेलंट लावा. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ही माशी सहज आत येते. बारीक विणीची, पर्मेथ्रिन लावलेली मच्छरदाणी इथूनच घेऊन जा.