समीक्षक खूश, पण हिशोब बसेना: वेगळ्या वाटेच्या गेमवर पैसा लावायला लोक का कचरतात?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा व्हिडिओ गेम ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आणला. ऑक्टोबरमध्ये तो पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरही आला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली सर्कशीतली मुलगी, सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडणारी गोष्ट, पहाडी चित्रांची छाप असलेल्या भिंती. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकनही मिळालं.

त्याआधीची गोष्ट मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला होता. काम थांबू नये म्हणून संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी स्वतःचा फ्लॅट विकला.

गेम चांगला होणार हे दिसत असताना पैसेवाले मागे का राहतात? त्यासाठी थोडा हिशोब मांडू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. दहा माणसांची टीम, सरासरी पगार ६० हजार, काम तीन वर्षं. नुसते पगारच झाले २ कोटी १६ लाख. गेमची किंमत १,००० रुपये ठेवली, तर स्टीमसारखं ऑनलाइन दुकान साधारण ३० टक्के घेतं. उरले ७०० रुपये. म्हणजे केवळ पगार वसूल व्हायला जवळपास ३१ हजार प्रती खपायला हव्यात. प्रकाशक निम्मा वाटा घेत असेल तर ६१ हजारांच्या वर. भाडं, संगीत, जाहिरात, कर अजून धरलेलेच नाहीत.

चंदगडकडे किंवा गोव्यात काजूचं कलम लावणाऱ्याला हे सांगायला नको. आधी तीन-चार वर्षं खर्च, मग पीक. फरक इतकाच की काजूला बाजार आहे हे त्याला माहीत असतं. विशिष्ट चवीचा गेम बनवणाऱ्याला तेवढीही खात्री नसते. आणि खर्च खेळाडूंच्या संख्येवर ठरत नाही. दहा हजार लोक खेळोत की दहा लाख, संवाद तितकेच लिहावे लागतात, चित्रं तितकीच काढावी लागतात.

कॅलिफोर्नियातल्या ऑब्सिडियन एंटरटेनमेंटचं उदाहरण यात फार बोलकं आहे. कथा आणि संवादांवर भर देणाऱ्या आरपीजी गेमसाठी ही कंपनी नावाजलेली. २०१० च्या 'फॉलआउट: न्यू वेगास'साठी करारात एक बोनस होता: मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर समीक्षकांची सरासरी ८५ आली तर मिळणार. आली ८४. एका गुणाने बोनस हुकला! दर्जा मोजायचा म्हटला की तो असा मोजला जातो.

२०१२ च्या सुरुवातीला त्यांचा एक मोठा प्रकल्प प्रकाशकाने रद्द केला आणि कर्मचारी कपात झाली. मग त्यांनी सप्टेंबरमध्ये थेट खेळाडूंकडेच हात पसरले. तिरप्या कोनातून दिसणारा, पानंच्या पानं वाचायला लावणारा जुन्या धाटणीचा गेम हवाय का, असं विचारलं. मागितले ११ लाख डॉलर, मिळाले सुमारे ३९ लाख ८० हजार. त्यातून 'पिलर्स ऑफ इटर्निटी' मार्च २०१५ मध्ये आला आणि गाजला.

इथेच गोष्ट संपली असती तर "चांगलं बनवा, लोक घेतातच" असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मे २०१८ मध्ये दुसरा भाग आला. समीक्षकांनी तोही उचलून धरला, तरी सुरुवातीची विक्री पहिल्या भागाच्या मानाने कमी झाली. दिग्दर्शक जोश सॉयर यांनी पुढे जाहीरपणे कबूल केलं की नेमकं कारण त्यांनाही सांगता येत नाही. माझ्या मते या धंद्यातली खरी जोखीम हीच. वाईट गेम पडला तर त्यातून काही शिकता तरी येतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेतल्याचं जाहीर झालं.

आता कोणी म्हणेल, 'बाल्डर्स गेट ३' याच प्रकारचा, मग तो कसा चालला? २०२३ मध्ये तो वर्षातला सर्वोत्कृष्ट गेम ठरला, हे खरंच आहे. पण बेल्जियमच्या लारियन स्टुडिओने ऑक्टोबर २०२० पासूनच अपुरा गेम पूर्ण किमतीला विकायला काढला होता. जवळपास तीन वर्षं लोक पैसे देऊन चुका दाखवत होते. शिवाय कंपनी स्वतःच प्रकाशक, त्यामुळे "अजून सहा महिने लागतील" हे सांगायला कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही. ही चैन प्रत्येकाला परवडत नाही.

'राजी'कडे परत येऊ. चार-पाच तासांत संपतो, मारामारी पुढे तीच ती वाटते, अशी तक्रार अनेकांनी केली. तक्रार खोटी नाही. पण वरचा हिशोब पाहिला की तो लहान का राहिला असेल याचा अंदाज येतो. लहान असण्याची आणखी एक अडचण म्हणजे, स्टीमवर घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून गेम परत करता येतो. चार तासांच्या गेमचा निम्मा भाग तेवढ्यात उरकतो.

२०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले. घ्यायचा विचार असेल तर एवढं लक्षात असू द्या: आपल्या हिशोबातला हजाराचा गेम निम्म्या किमतीच्या सेलमध्ये घेतला, तर दुकान आणि प्रकाशकाचा वाटा जाऊन बनवणाऱ्याच्या हाती १७५ रुपये पडतात. पूर्ण किमतीला घेतला तर ३५०.