विरजण का लागत नाही?

आठवडाभर गोळ्या घेतल्या, वास गेला, हायसं वाटलं. पुढची पाळी झाली आणि पुन्हा तोच पातळ, राखाडी स्राव, तोच मासळीसारखा वास. घर सोडून बंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये नोकरीला आलेली मराठी मुलगी हे कोणाला सांगणार? आईला फोनवर सांगायला लाज वाटते, ऑफिसमध्ये तर विषयच नको. मग मोबाइलवरून इंटिमेट वॉश मागवला जातो. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला तीन औषधांच्या चार गोळ्यांचं एक पाकीट देतो. ती गोळ्या घेते, आणि दोन महिन्यांनी पुन्हा त्याच दुकानात उभी असते.

आपल्याकडे याला ‘अंगावरून पांढरं जाणं’ म्हणतात, विदर्भात ‘धुपणी’, कन्नडमध्ये ‘बिळि सेरगु’, म्हणजे पांढरा पदर. शब्द सगळीकडे आहेत, पण एकेका शब्दाखाली चार-पाच वेगवेगळे आजार दडलेले आहेत. १९८९ साली डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी आणि उपचार मिळाले होते फक्त ८ टक्के स्त्रियांना. बंगळुरूजवळच्या म्हैसूरमध्ये सुमारे ९०० तरुण स्त्रियांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास १९ टक्के स्त्रियांमध्ये बॅक्टेरियल व्हजायनोसिस आढळला. हा लेख त्या एका आजाराबद्दल आहे, आणि विशेषतः तो औषधाला दाद देत नाही तेव्हाच्या परिस्थितीबद्दल.

निरोगी योनिमार्ग आंबट असतो. तिथले लॅक्टोबॅसिलस जिवाणू पेशींमधल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात, पीएच ३.८ ते ४.५ च्या आसपास राहतो आणि त्या आंबटपणात इतर जिवाणूंना पाय रोवता येत नाहीत. दह्याचं विरजण चांगलं असलं की दूध नासत नाही, तसंच. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये हे विरजण बिघडतं. लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि गार्डनरेला नावाचा जिवाणू व त्याचे सोबती वाढतात. यात अस्वच्छतेचा काही संबंध नाही. उलट आतून साबणाने किंवा वॉशने धुतलं की उरलेलं विरजणही वाहून जातं. घरचं दही खाल्लं म्हणून ते भरून येत नाही, कारण दह्यातले जिवाणू वेगळ्या जातीचे असतात आणि ते इथे वस्ती करत नाहीत.

निदान अवघड नाही. पीएचची पट्टी लावायची. काचपट्टीवर स्रावाचा थेंब घेऊन त्यात १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकायचं, आजार असेल तर मासळीचा वास लगेच उसळतो. दुसरा थेंब सलाइनमध्ये मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. योनीच्या पेशी एरवी काचेसारख्या स्वच्छ आणि रेखीव कडांच्या दिसतात. या आजारात त्यांच्यावर जिवाणू इतके दाट चिकटतात की पेशी भोगीच्या तीळ लावलेल्या भाकरीसारखी दिसते आणि कडा धूसर होते. हीच ‘क्लू सेल’. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. तरीही बहुतेकींची ही तपासणी कधीच होत नाही. सरकारी केंद्रांत लक्षणांवरून हिरवं किट दिलं जातं, त्यात सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल असतं. जिथे प्रयोगशाळा नाही तिथे, पहिल्या वेळी, हे समजण्यासारखं आहे. तिसऱ्या वेळी नाही. बुरशीचा आजार असताना जिवाणूंचं औषध दिलं, तर ‘औषध लागू पडत नाही’ असं म्हणण्यात अर्थ नाही.

निदान बरोबर आणि औषधही बरोबर, तरी आजार परततो, हेही खरं आहे. मेट्रोनिडॅझोल सात दिवस घेतल्यानंतरही वर्षभरात ५८ टक्के स्त्रियांना तो पुन्हा झाल्याचं ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात २००६ मध्ये दिसलं. एक कारण बर्लिनच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं होतं. गार्डनरेला पेशींवर बुळबुळीत थर करून राहतो, पाण्याच्या टाकीला आतून शेवाळ धरावं तसा. औषध वरचे जिवाणू मारतं, थर उरतो. म्हणून वारंवार होणाऱ्या आजारात आधी पूर्ण उपचार आणि मग चार ते सहा महिने आठवड्यातून दोनदा मेट्रोनिडॅझोल जेल, असा मार्ग डॉक्टर निवडतात. काही वेळा बोरिक आम्लाच्या योनीत ठेवायच्या कॅप्सूल देतात. कॅरमच्या पावडरीतही तेच रसायन असतं, पण घरी असला प्रयोग कोणीही करू नये. बोरिक आम्ल पोटात गेलं तर विष आहे आणि गरोदरपणात ते वापरत नाहीत.

नवं विरजण घालायचाही प्रयत्न झाला. २०२० मध्ये अमेरिकेत २२८ स्त्रियांवर चाचणी झाली. लॅक्टोबॅसिलस क्रिस्पेटस योनीत ठेवलेल्यांपैकी ३० टक्के स्त्रियांना १२ आठवड्यांत आजार परतला, नुसती पूड ठेवलेल्यांमध्ये ४५ टक्के. फायदा आहे, पण बेताचा.

माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट मार्च २०२५ मध्ये मेलबर्नहून आली. जुन्या चाचण्यांत जोडीदाराला फक्त गोळ्या दिल्या होत्या. उपयोग झाला नाही, म्हणून पुरुषाचा यात हात नाही असं धरलं गेलं. आता १६४ जोडप्यांच्या चाचणीत पुरुषांना सात दिवस मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि सोबत शिश्नाच्या त्वचेवर लावायला क्लिंडामायसिन क्रीम दिलं. फक्त बाईवर उपचार झाले त्या गटात ६३ टक्के स्त्रियांना आजार परतला. दोघांवर उपचार झाले त्या गटात ३५ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवली. म्हणजे इतकी वर्षं बाई भांडं घासत राहिली आणि खरकटं दुसऱ्या घरातून येत राहिलं. ‘तूच नीट स्वच्छता ठेवत नाहीस’ हे वाक्य ज्या ज्या बाईने ऐकलं असेल, तिला हे आकडे कळायलाच हवेत.

दुखत नाही म्हणून हा आजार अंगावर काढू नका. त्याने ओटीपोटातल्या संसर्गाचा आणि एचआयव्हीचा धोका वाढतो, गरोदरपणी दिवस भरण्याआधी प्रसूती होऊ शकते. तांबी बसवली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, काहींना त्यामुळे आजार परतत राहतो. पुढच्या वेळी मेडिकलच्या पाकिटावर भागवू नका. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, ‘पीएच बघा, स्लाइड बघा’ असं स्पष्ट म्हणा, आणि नवरा किंवा जोडीदार असेल तर त्यालाही सोबत घेऊन जा.