सुरक्षेचा खर्च आणि खरी सुरक्षा



शाळेत चौकीदार वाढवा, कॅमेरे लावा, अशी सूचना पालक सभेत वरचेवर येते. सूचना योग्यच आहे. परंतु केवळ खर्च वाढवला की सुरक्षा येते का? या प्रश्नावर अमेरिकेतील एका लहान गावाचे उदाहरण आपण सर्वांनी समजून घेण्यासारखे आहे.

टेक्सास राज्यातील युवाल्डी हे सुमारे 15 हजार वस्तीचे, शेतीवाडीच्या भागातले गाव. बहुसंख्य लोक मेक्सिकन वंशाचे, अनेक कुटुंबे गरीब. आपल्याकडे पोलिसांचा खर्च राज्य शासन करते, नगरपालिका नव्हे. अमेरिकेत मात्र बहुतेक गावे आपले पोलीस आपल्याच करातून पोसतात. म्हणजे पोलिसांवर गेलेला पैसा रस्ते, वाचनालय, बगीचे यांना मिळत नाही. युवाल्डीने सर्वसाधारण निधीपैकी सुमारे 40 टक्के, म्हणजे जवळपास 40 लाख डॉलर, पोलिसांवर ठेवले होते. शाळांचे पोलीस दल तर वेगळेच होते.

24 मे 2022 रोजी तेथील रॉब प्राथमिक शाळेत एक बंदूकधारी तरुण शिरला. पहिले पोलीस काही मिनिटांतच आत पोहोचले. पुढे निरनिराळ्या दलांचे मिळून 376 जण जमले. तरीही त्या वर्गात शिरून हल्लेखोराला ठार करेपर्यंत 77 मिनिटे गेली. आत अडकलेली मुले फोनवरून मदत मागत होती. 19 मुले व 2 शिक्षिका मृत्युमुखी पडल्या.

असे का झाले? 1999 च्या कोलंबाइन शाळेतील गोळीबारानंतर अमेरिकेत पोलिसांना शिकवले जाते की अशा वेळी थांबू नये, तत्काळ आत जावे. येथे तसे झाले नाही. कोण आदेश देणार हेच स्पष्ट नव्हते आणि एकाची माहिती दुसऱ्यापर्यंत पोहोचत नव्हती. राज्य विधानसभेच्या समितीने जुलै 2022 मध्ये आणि केंद्रीय न्याय विभागाने जानेवारी 2024 मध्ये दिलेल्या अहवालांत हे दोष नोंदले आहेत.

समितीच्या अहवालातील एक बाब आम्हा शाळाचालकांना फार बोचते. एका वर्गाचे कुलूप नीट लागत नाही, हे शाळेत माहीत होते; पण दुरुस्तीची लेखी मागणी कोणी केलीच नव्हती.

पोलीस नकोत, असा याचा अर्थ मुळीच नाही. पैसा कशावर जातो, सराव होतो का आणि प्रसंगी जबाबदार कोण, हे विचारण्याचा अधिकार पैसे देणाऱ्यांना आहे. तो त्यांनी वेळीच वापरला पाहिजे.

आपल्या शाळेपासूनच सुरुवात करू. कोणत्याही वर्गाची कडी वा कुलूप बिघडल्यास त्याच दिवशी कार्यालयातील नोंदवहीत लिहावे, मग ते शिक्षकांनी लिहो वा विद्यार्थ्याने. दुरुस्ती झाली की नाही, हे पालकांनी आम्हाला अवश्य विचारावे.