दोन बदाम: एक डोक्यातला, एक कातळातला

कळव्याहून सकाळी सुटलेली धीमी लोकल. दारात विशीतला एक मुलगा एका हातानं दांडा धरून उभा होता आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर व्हिडिओ बघत होता. पडद्यावर सरळसोट कडा, त्यावर बोटांच्या पेरांवर तोललेला एक माणूस. कमरेला दोर नाही. त्यानं एक पाय सोडून लांबच्या खोबणीकडे टाकला, तसा मुलाचा श्वास अडकला. पाय टेकला आणि मुलाचा सुस्कारा मला शेजारी ऐकू आला. मग त्यानं दांड्यावरचा हात काढला, ओला झालेला तळवा पँटीला पुसला आणि पुन्हा दांडा धरला. गाडी तेव्हा खाडीपुलावर होती.

हजारो मैलांवरच्या, कधीच चित्रित होऊन गेलेल्या चढाईसाठी त्याचा तळवा घामेजला होता. स्वतःच्या पायाखालून सरकणाऱ्या खाडीची मात्र त्याच्या शरीरानं नोंदच घेतली नव्हती. पडद्यावरचा कडा त्याला घाबरवतो आणि पायाखालची खाडी घाबरवत नाही, हे कसं? याचं उत्तर शोधायला आधी आपल्या डोक्यात शिरावं लागतं आणि मग सह्याद्रीच्या कातळात.

ओला तळवा

पाठीला, कपाळाला घाम येतो तो प्रामुख्यानं उकाड्यानं. तळहात आणि तळपाय मात्र भावनेनं घामेजतात. परीक्षेचा पेपर हातात पडताना किंवा गच्चीच्या कठड्यावरून खाली डोकावताना ते ओले होतात. तिथल्या घर्मग्रंथी दाटीवाटीनं असतात आणि धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या चेतासंस्थेचा हुकूम त्या लगेच पाळतात. काही शास्त्रज्ञांच्या मते ही झाडांवर राहणाऱ्या पूर्वजांची देणगी असावी, कारण किंचित ओलसर त्वचेची पकड कोरड्या त्वचेपेक्षा चांगली बसते. ओल वाढली की हात सटकतो. म्हणून प्रस्तरारोहकाच्या कमरेला मॅग्नेशियम कार्बोनेटच्या पांढऱ्या भुकटीची पिशवी असते. जिम्नॅस्टची ही भुकटी 1950 च्या दशकात कातळावर आणली ती जॉन गिल या अमेरिकन गणितज्ञानं.

या हुकुमामागे मेंदूतली एक छोटी रचना असते, अमिग्डला. कानांच्या बाजूला, मेंदूत खोलवर, डावी एक आणि उजवी एक. आकार बदामासारखा, म्हणून बदामाचं ग्रीक नाव तिला मिळालं. डोळ्यांनी पाहिलेल्या धोक्याचा आपण नीट विचार करण्याआधीच ती शरीराला सावध करते. समोरची दरी खरी आहे की पडद्यावरची, हे ठरवायला ती थांबत नाही. आपल्याकडचे ट्रेकर ‘दृष्टिभय’ असा नेमका शब्द वापरतात. वाट पुरेशी रुंद असते, पाऊलही नीट पडत असतं, पण बाजूची दरी दिसली की पाय थरथरतात. ते दृष्टिभय आता मोबाइलमधून लोकलच्या दारापर्यंत पोचलं आहे.

शांत राहिलेली अमिग्डला

3 जून 2017 रोजी ॲलेक्स होनोल्ड या अमेरिकन प्रस्तरारोहकानं कॅलिफोर्नियातला सुमारे 900 मीटर उंच एल कॅपिटन हा कडा त्या मुलाच्या व्हिडिओतल्यासारखाच दोराशिवाय, एकट्यानं, 3 तास 56 मिनिटांत सर केला. त्यावरच्या ‘फ्री सोलो’ या माहितीपटाला 2019 मध्ये ऑस्कर मिळालं. चढाईच्या एक वर्ष आधी, 2016 मध्ये, जेन जोसेफ या मेंदूशास्त्रज्ञांनी होनोल्डच्या मेंदूची चित्रणं घेतली होती. मशीनमध्ये त्याला भीषण, किळसवाणी छायाचित्रं दाखवली गेली. तुलनेसाठी घेतलेल्या, त्याच्याच वयाच्या दुसऱ्या प्रस्तरारोहकाची अमिग्डला ती बघताना उजळली. होनोल्डची शांत राहिली.

हा माणूस जन्मतःच भीतीविना आला, असं यावरून म्हणण्याचा मोह होतो. पण ही एका माणसाची, छायाचित्रं बघतानाची तपासणी होती, कड्यावरची नव्हे. शिवाय भीती एकट्या अमिग्डलात राहत नाही. एका दुर्मीळ आजारानं दोन्ही अमिग्डला नष्ट झालेली एक अमेरिकन स्त्री साप, कोळी किंवा भयपट यांना घाबरत नसे. पण 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला जास्त कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा जीव घुसमटून तिची पाचावर धारण बसली. होनोल्ड स्वतःही सांगत आला आहे की त्याला भीती वाटते. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करून, सोसण्याची हद्द इंचाइंचानं सरकवत त्यानं ती आटोक्यात आणली.

त्यानं हे केलं कसं, ते मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात दिसत नाही. त्या वाटेवर तो आधी कितीतरी वेळा दोर बांधून चढला होता. कुठला हात कुठे आणि कुठला पाय कधी, हा क्रम त्यानं लिहून काढला, पाठ केला. सैल दगड आधीच काढून टाकले. नोव्हेंबर 2016 मध्ये त्यानं दोराशिवाय चढायला सुरुवात केली, खालच्या गुळगुळीत टप्प्यावर मन घेईना आणि तो परत फिरला. कॅमेरे रोखलेले असताना परत फिरणं हेच त्या चढाईतलं सर्वांत कठीण पाऊल होतं, असं मला वाटतं. पुढच्या जूनमध्ये अवघड जागी त्यानं पाय फेकला, तेव्हा चित्रण करणाऱ्यांपैकी एकानं कॅमेऱ्यावरून नजर वळवली. तो स्वतः कसलेला प्रस्तरारोहक होता. खाली काय वाढून ठेवलंय हे ज्याला कळतं, त्याला बघवत नाही.

कातळातला बदाम

एल कॅपिटन ग्रॅनाइटचा आहे. जमिनीखाली खोलवर सावकाश थंड झालेला, एकसंध, टणक खडक. आपला सह्याद्री वेगळ्या हातानं घडला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि बसाल्टच्या उतरंडी तयार झाल्या. प्रत्येक थराच्या पोटातला खडक घट्ट, पण वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिलेल्या. पुढे त्या पोकळ्यांत गारगोटी, कॅल्साइट, झिओलाइट अशी खनिजं भरली. पांढऱ्या, लांबट गोळ्यांनी भरलेल्या या खडकाला भूगर्भशास्त्रज्ञ ‘अमिग्डलॉइडल बसाल्ट’ म्हणतात. तोच ग्रीक बदाम! भीतीचं एक ठाणं आणि भीती वाटावी असा खडक, दोघांचं बारसं एकाच शब्दावरून झालं आहे.

हा बदामी खडक घट्ट बसाल्टपेक्षा लवकर झिजतो. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या, मऊ मातीचा पट्टा असतो, तो तर बोटांनीही खरवडता येतो. घट्ट बसाल्टलाही थंड होताना आकसून उभ्या-आडव्या भेगा पडलेल्या असतात. त्यांत पावसाळाभर पाणी मुरतं, गवताची मुळं शिरतात आणि ठोकळे सुटे होतात. म्हणून सह्याद्रीत चढणारा जाणकार हात घालण्याआधी होल्डवर, म्हणजे पकडायच्या दगडावर, टकटक करतो. खणखणीत आवाज आला तर भार टाकायचा. बद्द आवाज आला तर तो दगड बाजूच्या खडकापासून सुटला आहे असं धरून हात मागे घ्यायचा. ग्रॅनाइटवरचा व्हिडिओ बघून बसाल्टवर हात टाकणाऱ्याला ही टकटक कुणी शिकवलेली नसते.

ती शिकवणारी माणसं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मुंबई-ठाण्याच्या कित्येक गिर्यारोहकांचे पहिले धडे कान्हेरीच्या आणि मुंब्र्याच्या कातळावर झाले. 1954 मध्ये स्थापन झालेल्या ‘गिरिविहार’ने नवे हात घडवले आणि 2016 साली प्रस्तरारोहणाची विश्वचषक स्पर्धा नवी मुंबईत भरवली. जगातले नामांकित स्पर्धक इथे येऊन कृत्रिम भिंतींवर चढून गेले. खाली जाड गाद्या, समोर पंच आणि पडणं हा खेळाचा रोजचा भाग.

दोराच्या टोकाची गाठ

पडण्याचं गणित साधं आहे. सहा-सात मजले, म्हणजे 20 मीटरवरून सुटलेला माणूस दोन सेकंदांत जमिनीवर येतो, ताशी सुमारे 70 किलोमीटर वेगानं. लीड करणारा, म्हणजे दोर घेऊन पुढे चढणारा प्रस्तरारोहक मात्र खडकात ठोकलेल्या शेवटच्या बोल्टच्या दोन मीटर वर असताना सुटला, तर चारेक मीटर पडून दोरावर येतो. तो दोर ताणला जाणारा असतो. चाचणीतल्या कठोर पडण्यात तो 40 टक्क्यांपर्यंत लांबू शकतो आणि झटका 12 किलोन्यूटनच्या आत ठेवतो. हा झटका म्हणजे साधारण 1,200 किलो वजनाइतका जोर. रॅपलिंगचा, म्हणजे कडा उतरण्याचा दोर याच्या उलट, कमी ताणला जाणारा. दिसायला दोन्ही सारखेच. ‘दोर आहे ना’ एवढं म्हणून भागत नाही, कुठला दोर आहे हेही कळावं लागतं.

अनुभवी माणसांचे मोठे अपघात पुष्कळदा चढताना होतच नाहीत. ते उतरताना, दोराच्या कामात होतात. ब्रॅड गोब्राइट हा नामांकित प्रस्तरारोहक नोव्हेंबर 2019 मध्ये मेक्सिकोत रॅपलिंग करताना दोराच्या टोकावरून निसटला. ऑक्टोबर 2025 मध्ये 23 वर्षांचा बालिन मिलर एल कॅपिटनवर याच प्रकारे गेला. अवघड चढाई पार पडली होती, अडकलेली सामानाची पिशवी सोडवायला तो दोरावरून खाली उतरत होता. लोक मोबाइलवर ते थेट प्रक्षेपण बघत होते. दोराच्या टोकाला एक गाठ मारायला दहा सेकंद लागतात. गाठ असेल तर दोर संपतो, पण उतरणारा त्याच्यावरून घसरत नाही. आपल्याकडेही जानेवारी 2020 मध्ये ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत कोकणकड्यावरच्या रॅपलिंग मोहिमेत कोसळले. सह्याद्रीचे कितीतरी कडे जाणणारा तो माणूस होता. अनुभव धोका कमी करतो, पण धोका शून्यावर कधीच येत नाही.

ज्यांच्याकडे अनुभवही नाही आणि दोरही नाही, त्यांची गोष्ट याहून दुखरी आहे. जुलै 2024 मध्ये माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी व्हिडिओ घेताना एक तरुणी दरीत पडली. बचाव पथकांनी जिवाचं रान करून तिला वर आणलं, पण ती वाचली नाही. 2011 ते 2017 या काळात जगभरातल्या बातम्यांमधून सेल्फी घेतानाचे 259 मृत्यू भारतीय संशोधकांनी गोळा केले, त्यांत सर्वाधिक आपल्या देशातले होते.

भीती दोन प्रकारे निवते

आता पुन्हा खाडीपुलावर येऊ. त्या मुलाचा मेंदू बिघडलेला नव्हता. रोज दारात उभं राहायचं आणि रोज काही होत नाही. अशा प्रत्येक प्रवासानंतर मेंदू नोंद करतो की इथे घाबरायचं कारण नाही, आणि पुढच्या वेळी अमिग्डलाचा आवाज आणखी दबतो. समाजशास्त्रज्ञ डायान वॉन यांनी 1986 च्या चॅलेंजर यानाच्या अपघाताचा अभ्यास करताना हेच संस्थेच्या पातळीवर दाखवलं. चूक करूनही काही बिघडलं नाही, की ती चूक हळूहळू रीत होऊन बसते.

भीती अशी दोन प्रकारे निवते. तयारीनं, किंवा नुसत्या सवयीनं. बाहेरून दोन्ही एकसारखी दिसतात, कारण दोन्ही चेहऱ्यांवर तीच शांतता असते. पण तयारीच्या शांततेला मागे फिरणं माहीत असतं. सवयीच्या शांततेला धोका शिल्लक आहे हेच आठवत नाही. 9 जून 2025 च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन भरगच्च लोकल एकमेकींजवळून गेल्या आणि दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काही जिवानिशी गेले. त्यातलं कुणी धाडस करायला निघालं नव्हतं. ते कामावर निघाले होते. प्रस्तरारोहक धोका निवडतो. कळवा-मुंब्र्याच्या प्रवाशाच्या पदरात तो गर्दीनं टाकलेला असतो.

आपल्याकडे दोराशिवाय कडा उतरल्याची गोष्ट होनोल्डच्या कितीतरी आधीची आहे. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरणारी हिरकणी. उतरणं चढण्याहून अवघड, कारण पुढची खोबणी डोळ्यांना दिसत नाही, ती पायाच्या अंगठ्यानं चाचपावी लागते. लहानपणी आपण ही गोष्ट धाडसाची म्हणून ऐकतो. पण आख्यायिकेचा शेवट नीट आठवून बघा. महाराजांनी हिरकणीचा सन्मान केला आणि ती जिथून उतरली, तिथे बुरूज बांधून घेतला. एकीच्या धाडसाचं कौतुक झालं, आणि दुसऱ्या कुणाला त्या कड्यावरून उतरावं लागू नये याची तजवीजही झाली.

जूनच्या त्या अपघातानंतर लोकलला आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याची घोषणा रेल्वेनं केली. ते दरवाजे पुरेशी हवा आणि पुरेशा गाड्या घेऊन आमच्या फलाटावर आले पाहिजेत. तो आमच्या काळातला हिरकणी बुरूज ठरेल.

तोवर त्या मुलानं व्हिडिओ जरूर बघावेत, आवडले तर एखाद्या क्लबात जाऊन दोर बांधायला शिकावं, होल्डवर टकटक करून आवाज ऐकावा, टोकाला गाठ मारावी. पण खाडीपूल येईल तेव्हा मोबाइल खिशात टाकून दोन पावलं आत सरकावं. ओला झालेला तळवा हा शहाणा निरोप आहे. तो पडद्याकडून आला असला, तरी त्यातली सूचना पायाखालच्या खाडीलाही लागू पडते.