टीव्ही नाही, म्हणून केबल नाही?

शिक्षणासाठी शहरात आलेली मुलं, भाड्याच्या खोलीत राहणारे नोकरदार, नुकतंच बिऱ्हाड मांडलेली जोडपी अशा अनेकांकडे आज कॉम्प्युटर असतो, टीव्ही मात्र नसतो. केबलचा विषय निघाला की या घरांतून दोन टोकाच्या समजुती ऐकू येतात. टीव्ही विकत घेतल्याशिवाय केबलची चॅनेल्स दिसणारच नाहीत, ही एक. हातात लॅपटॉप आणि नेट आहे म्हणजे सगळी चॅनेल्स आपोआप मिळालीच, ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच घोटाळा आहे. चॅनेल दिसायचं तर सिग्नल घरापर्यंत यावा लागतो, त्याचं कुलूप उघडावं लागतं आणि मग चित्र-आवाज कुठेतरी उमटावा लागतो. आपल्याकडच्या केबलमध्ये टीव्ही संच आता फक्त हे शेवटचं काम करतो, आणि ते कुठलाही पडदा करू शकतो. खरा अडसर कुलपाचा आहे. तो टीव्ही घेतल्याने सुटत नाही आणि नेट घेतल्यानेही आपोआप सुटत नाही.

हे पूर्वीपासून असं नव्हतं. केबल अ‍ॅनालॉग होती तेव्हा खांबावरून आलेली वायर थेट टीव्हीच्या मागे खोचली की काम भागायचं, कारण चॅनेल पकडणारा ट्यूनर टीव्हीच्याच पोटात असायचा. त्या काळी कॉम्प्युटरमध्ये टीव्ही ट्यूनर कार्ड बसवलं की तीच वायर तिथेही चालायची. १९९५ च्या केबल कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि चित्र पालटलं. मुंबईसह चार महानगरांत ऑक्टोबर २०१२ अखेर, पुणे-नागपूर-नाशिकसारख्या शहरांत मार्च २०१३ अखेर आणि शेवटच्या टप्प्यात उरलेल्या देशात मार्च २०१७ अखेर, अशा मुदतींनी केबल डिजिटल आणि कुलूपबंद झाली. आता वायरीतून येणारा सिग्नल ऑपरेटरने दिलेला सेट-टॉप बॉक्सच उलगडू शकतो, कारण कोणत्या ग्राहकाने कशाचे पैसे भरलेत ही नोंद त्या बॉक्सशी बांधलेली असते. म्हणून जुन्या बाजारात मिळणारं ट्यूनर कार्ड घेऊन त्यात केबलची वायर लावली तर पदरात काही पडत नाही. पण याच बदलाची दुसरी बाजू क्वचितच कुणी लक्षात घेतं. कुलूप उघडण्याचं काम टीव्हीच्या बाहेर, बॉक्समध्ये गेलं आणि त्यामुळे टीव्ही संचाची गरजच संपली. केबलचं कनेक्शन असतं ते बॉक्सचं. त्यापुढे कोणता पडदा लावायचा हा प्रश्न घरमालकाचा.

मग बॉक्स आणून लॅपटॉपला जोडला की झालं, असं वाटणं साहजिक आहे, आणि सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. बॉक्सला एचडीएमआयचं भोक असतं, लॅपटॉपलाही तसंच असतं, वायर दोन्हीकडे चपखल बसते. आणि पडद्यावर काहीच येत नाही. बॉक्स बिघडलेला नसतो, वायरही ठीक असते. लॅपटॉपचं ते भोक फक्त चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतं, प्रोजेक्टरला किंवा मोठ्या पडद्याला. आत येणारं चित्र घेण्याची सोय जवळपास कुठल्याच लॅपटॉपमध्ये नसते. डेस्कटॉपच्या मॉनिटरचं मात्र नेमकं उलट: त्याचं काम चित्र घेण्याचंच. म्हणून ज्याच्याकडे एचडीएमआयचा मॉनिटर आहे त्याला कॉम्प्युटर सुरू करायचीही गरज नाही. बॉक्सची वायर मॉनिटरला लावायची, मॉनिटरच्या बटणाने इनपुट बदलायचा, की चॅनेल हजर. अडतं ते आवाजापाशी. पुष्कळ मॉनिटरना स्पीकर नसतात, पण बहुतेकदा हेडफोनचं भोक असतं, तिथे साधे स्पीकर जोडता येतात. तेही नसेल तर बॉक्सच्या लाल-पांढऱ्या ऑडिओ भोकांतून आवाज वेगळा काढावा लागतो. फक्त व्हीजीए असलेला जुना मॉनिटर असेल तर मध्ये रूपांतर करणारी डबी लागते, ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात मिळते. या सगळ्यात फार तर किरकोळ खर्च आहे, आणि ज्यांना बातम्या आणि मालिका बघायच्यात त्यांच्यासाठी हाच सगळ्यात सरळ मार्ग आहे असं माझं ठाम मत आहे.

लॅपटॉपच्याच पडद्यावर चॅनेल हवं असेल तर यूएसबीला लागणारी कॅप्चरची डबी घ्यावी लागते. ती बॉक्सकडून आलेलं चित्र कॉम्प्युटरला समजेल अशा रूपात देते आणि व्हीएलसीसारख्या प्रोग्रॅममध्ये ते दिसतं. पण एचडीएमआयमधून निघणाऱ्या चित्राला आणखी एक कुलूप असतं, एचडीसीपी नावाचं. समोरचं यंत्र अधिकृत पडदा आहे की नाही हे बॉक्स तपासतो. मॉनिटर यात पास होतो, कॅप्चरची डबी होत नाही, आणि मग काळा पडदा पाहून डबी परत करण्याची वेळ येते. ज्या बॉक्सला जुनी पिवळी-लाल-पांढरी एव्ही भोकं आहेत त्यातून निघणाऱ्या चित्राला हे एचडीसीपी नसतं. चित्र ५७६ ओळींचं, म्हणजे जुन्या टीव्हीच्या दर्जाचं मिळतं, पण नेहमीच्या एसडी चॅनेलसाठी ते पुरेसं आहे. असं चित्र घेणं बेकायदा आहे का, हाही प्रश्न विचारला जातो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३९ स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला प्रसारकाच्या हक्काचा भंग मानत नाही. तेच रेकॉर्डिंग इतरांना वाटणं किंवा नेटवर चढवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती गुन्ह्यापर्यंत जाऊ शकते.

इतकी खटपट कशाला, सगळं नेटवर आहेच की, हा आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. एबीपी माझा, टीव्ही९ मराठी, झी २४ तास यांसारख्या वृत्तवाहिन्यांची प्रक्षेपणं यूट्यूबवर थेट आणि विनामूल्य दिसतात. ज्याला फक्त बातम्या हव्यात त्याने केबलच्या वाटेला जाऊ नये. मालिका वाहिन्यांच्या अ‍ॅपवर येतात, काही वर्गणी भरून. पण चॅनेल आणि त्या चॅनेलवरचा कार्यक्रम यांचे नेटवरचे हक्क एकच नसतात. जून २०२२ मध्ये २०२३ ते २०२७ या पाच मोसमांसाठी आयपीएलचे हक्क विकले गेले तेव्हा भारतातले टीव्हीचे हक्क डिस्ने स्टारने २३,५७५ कोटींना घेतले, डिजिटल हक्क व्हायकॉम१८ ने २०,५०० कोटींना. सामना एकच, पण टीव्हीवर एका कंपनीचा आणि फोनवर दुसरीचा. पुढे त्या दोन्ही एकाच छत्राखाली आल्या, तरी हक्क वेगळे विकले जातात ही रीत कायम आहे. दूरदर्शनचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. राष्ट्रीय महत्त्वाचे सामने खासगी प्रसारकाने प्रसार भारतीला द्यावेत, असा कायदा २००७ पासून आहे. पण तो दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणापुरता आणि डीटीएचपुरता आहे. खासगी केबलवरूनही ते चित्र देता येणार नाही, हे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात स्पष्ट झालं. त्यामुळे दूरदर्शन नेटवर दिसतं म्हणजे त्यावरचा क्रिकेटचा सामनाही तिथे दिसेल, हे गृहीत धरणं चूक आहे. शिवाय नेटचं प्रक्षेपण केबलच्या मागे असतं. शेजारच्या घरात विकेटचा आरडाओरडा होतो आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो.

पैशांचा हिशेबही नीट पाहायला हवा. 'बेसिक' केबल म्हणजे फुकट केबल असं अनेकांना वाटतं. दूरसंचार नियामक ट्रायच्या नव्या रचनेत जाळ्याच्या वापराचं शुल्क १३० रुपये अधिक कर इतकं ठरलं होतं. त्यात आधी १०० आणि २०२० पासून २०० चॅनेल्स बसत. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादा काढून टाकली, म्हणजे आता ऑपरेटर आपला दर स्वतः ठरवतो आणि तो विचारून घेणं भाग आहे. सशुल्क चॅनेलचे पैसे त्यावर वेगळे. दरमहा एक पैसाही द्यायचा नसेल तर मार्ग केबलचा नाही, डिशचा आहे. प्रसार भारतीची डीडी फ्री डिश डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिला मासिक शुल्क नाही आणि तिची बरीच चॅनेल्स विनाकुलूप आहेत. त्यामुळे इथे कॉम्प्युटर खऱ्या अर्थाने टीव्हीची जागा घेतो: डीव्हीबी-एस२ प्रकारचा ट्यूनर बसवला, डिशची वायर लावली की बॉक्सशिवायही ती चॅनेल्स दिसतात, सह्याद्रीसुद्धा. अट इतकीच, की खिडकीतून किंवा गच्चीवरून आग्नेयेकडचं आकाश मोकळं हवं. चाळीच्या आतल्या बाजूच्या खोलीत हे जमत नाही आणि तिथे केबलला पर्याय उरत नाही.

सगळी सशुल्क चॅनेल्स फुकट दाखवणाऱ्या साइटबद्दल एकच सांगायचं. फुकट म्हणजे अधिकृत नव्हे. प्रसारकाचा हक्क कॉपीराइट कायद्याच्या कलम ३७ ने पंचवीस वर्षं राखलेला आहे, आणि न्यायालयाच्या आदेशाने अशा साइट बंदही होत असतात. याच्या उलट्या टोकाला कॉम्प्युटरवर टीव्ही पाहायला परवाना लागतो ही भीती. भारतात टीव्हीचा परवाना ऐंशीच्या दशकातच रद्द झाला. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी मात्र ती भीती खरी आहे: तिथे थेट प्रक्षेपण लॅपटॉपवर पाहिलं तरी टीव्ही परवाना लागतो, आणि सप्टेंबर २०१६ पासून बीबीसी आयप्लेअरवरचे जुने कार्यक्रम पाहायलाही. घरात टीव्ही नाही ही सबब तिथे चालत नाही.

तेव्हा कनेक्शन घेताना केबलवाल्याला टीव्ही नसल्याचं सांगायचं कारण नाही. बॉक्स हातात आला की तो उलटा करून मागची बाजू बघावी: एचडीएमआय आहे का, पिवळी-लाल-पांढरी भोकं आहेत का. दोन्ही असलेला बॉक्सच मागून घ्यावा, म्हणजे मॉनिटर आणि लॅपटॉप, दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.