रंग लवेच्या मुळापर्यंत कसा पोचतो?

सांगली-साताऱ्याच्या सराफपेठेत मिळणाऱ्या दागिन्याच्या डबीतले मऊ लाल अस्तर, कपाळावरची मखमली टिकली आणि शर्टावरची बोटाला फुगीर लागणारी अक्षरे या तिन्ही वस्तूंना आपण सरसकट मखमलीच्या म्हणतो. पण ही बहुधा विणलेली मखमल नसते. विणलेल्या मखमलीत लवेचे धागे कापडाच्या विणीतच अडकवलेले असतात आणि त्यासाठी खास माग लागतो. विट्याच्या साध्या यंत्रमागावर ती निघत नाही. डबीतल्या अस्तराची लव मात्र डिंकावर रोवलेली असते. अशा कापडाला फ्लॉक केलेले कापड म्हणतात. कल्पना जुनी आहे. लंडनमध्ये जेरोम लॅनियर याला कापडावर व चामड्यावर लोकरीचा रंगीत भुगा चिकटवण्याच्या पद्धतीचे पेटंट १६३४ साली मिळाले होते.

भुगा नुसता शिंपडला तर तंतू आडवेतिडवे पडतील. ते उभे राहतात ते स्थिर विद्युतमुळे. नायलॉन, रेयॉन किंवा पॉलिएस्टरचे सुमारे १ मिलिमीटर लांबीचे तुकडे घेतात. कापडावर चिकट द्रवाचा थर देतात आणि ते जमिनीशी जोडलेल्या धातूच्या पत्र्यावरून नेतात. त्यासमोरच्या जाळीला काही दशसहस्र व्होल्टचे विद्युतविभव दिलेले असते. जाळीतून सुटणाऱ्या प्रत्येक तंतूवर प्रभार येतो, त्याची दोन टोके विरुद्ध दिशांना ओढली जातात आणि तो क्षेत्ररेषेला समांतर होऊन बाणासारखा डिंकात घुसतो. क्षेत्ररेषा कापडाला लंब असतात, म्हणून तंतूही ताठ उभा राहतो.

यात हवेचे महत्त्व फार. तंतूवर प्रभार येण्यासाठी तो किंचित विद्युतवाहक असावा लागतो. त्यासाठी त्यावर क्षारांचा लेप देतात, पण हा लेप हवेतील ओलाव्यावर अवलंबून असतो. हवा फार कोरडी असेल तर तंतू उडत नाहीत. फार दमट असेल तर त्यांच्या गुठळ्या होतात. साधारण ६० टक्के सापेक्ष आर्द्रता सोयीची ठरते. आपल्या भागात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण आणि आटपाडी हे तालुके पर्जन्यछायेत आहेत. एप्रिलची कोरडी दुपार आणि जुलैची ओली सकाळ यांत एकाच यंत्रातून एकसारखी लव मिळवायची, तर खोलीतील आर्द्रता मोजावी व राखावी लागते.

आता नक्षीकडे वळू. सोपा मार्ग असा, की डिंकच नक्षीच्या आकारात छापायचा. लव तेवढ्याच जागी रुजते आणि उरलेली झटकून किंवा शोषून घेता येते. पण दुसरा रंग हवा असेल तर सारी कृती पुन्हा करावी लागते. चार-पाच रंगांची फुले हवी असतील, तर सगळीकडे पांढरी लव रोवून तिच्यावर छपाई करणे परवडते. खरी अडचण येथेच सुरू होते.

एक हिशेब करून पाहू. समजा, १ चौरस सेंटिमीटरवर १०,००० तंतू आहेत आणि प्रत्येकाचा व्यास ०.०२ मिलिमीटर, उंची १ मिलिमीटर आहे. एका तंतूच्या बाजूचे क्षेत्रफळ ३.१४ × ०.०२ × १, म्हणजे ०.०६२८ चौरस मिलिमीटर. सर्व तंतूंचे मिळून ६२८ चौरस मिलिमीटर, म्हणजे सहा चौरस सेंटिमीटरहून अधिक! उलट, सर्व तंतूंच्या वरच्या टोकांचे क्षेत्रफळ मिळून जेमतेम ३ चौरस मिलिमीटर भरते. म्हणजे वरून पाहताना आपल्याला दिसते ते मुख्यतः तंतूंच्या बाजूंचे अंग. टोकेच रंगली, तर हात फिरवताच लव वाकते आणि आतला पांढरा भाग उघडा पडतो. कागदावर छापणे म्हणजे पृष्ठभाग रंगवणे. येथे मात्र उभ्या पिकाला बुंध्यापर्यंत रंगवायचे आहे, आणि तेही पीक न लोळवता.

रंग खाली नेण्याचे काम केशाकर्षण करते. तंतूंमधील अंतर सुमारे ०.१ मिलिमीटर असल्याने पातळ रंग आत ओढला जातो. पण तेच बल त्याला आडवेही पसरवते आणि फुलाच्या कडा फुटतात. म्हणून रंगात खळ मिसळतात. चिंचोक्याच्या पिठाची किंवा गवार गमाची खळ यासाठी वापरता येते. अशी खळ पट्टीने दाबून सरकवताना पातळ होते व लवेत उतरते. दाब गेला की पुन्हा दाट होऊन जागीच थांबते. नंतर वाफ देतात. तंतू फुगतो, रंगाचे रेणू आत शिरतात आणि उरलेली खळ धुऊन काढतात. नायलॉनसाठी आम्लधर्मी रंग घेतात. आम्लात नायलॉनच्या रेणूंच्या टोकांवर धन प्रभार येतो आणि ती टोके ऋण प्रभाराच्या रंगरेणूंना धरून ठेवतात. तंतू उभा करणारे विद्युत आकर्षण रंग टिकवण्यासही उपयोगी पडते.

पॉलिएस्टरसाठी आणखी एक युक्ती आहे. नक्षी आधी कागदावर छापायची, तो कागद लवेवर ठेवायचा आणि सुमारे २०० अंश सेल्सिअसला अर्धा मिनिट तापवायचा. रंगाचे संप्लवन होते, म्हणजे डांबरगोळीप्रमाणे तो घनरूपातून थेट वायुरूपात जातो. ही वाफ तंतूंच्या मधून खाली उतरते व त्यांत मुरते. धुण्याचे पाणी लागत नाही. मात्र कागद जोरात दाबला तर लव कायमची झोपते. म्हणून दाब बेताचा ठेवतात किंवा खालून हवा खेचून वाफ ओढून घेतात.

वर्गात हे दाखवायला दात घासायचा जुना, कोरडा ब्रश पुरेसा आहे. एक ब्रश शिक्क्याच्या शाईच्या गादीवर हलकेच टेकवावा, दुसरा पातळ शाईत टोकापुरता बुडवावा. नंतर केस बोटाने बाजूला करून रंग किती खोल गेला ते विद्यार्थ्यांना मोजायला सांगावे. तिसऱ्या ब्रशासाठी शाईत गव्हाच्या पिठाची शिजवलेली खळ मिसळावी. तंतू उभे राहताना पाहायचे असतील, तर लोकरीचे २-३ मिलिमीटरचे तुकडे कागदावर पसरून केसांवर घासलेली प्लॅस्टिकची पट्टी वर धरावी. हा प्रयोग उन्हाळ्यात व पावसाळ्यात करून नोंदी ठेवल्यास फरक दिसेल.

यासाठी नायलॉनचा तयार भुगा मात्र आणू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. १९९० च्या दशकात कॅनडा व अमेरिकेतील फ्लॉक कारखान्यांच्या कामगारांत फुफ्फुसाचा एक नवा आजार आढळला. डेव्हिड कर्न व सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन १९९८ साली प्रसिद्ध केले. अखंड तंतू फुफ्फुसात खोल जाण्याइतका बारीक नसतो, पण तो कापताना १० मायक्रॉनहून लहान कपचे सुटतात आणि ते श्वासाबरोबर खोलवर पोचतात. कामगारांना खोकला व दम लागत असे. अनेकांना काम सोडल्यावर बरे वाटले. तंतू नीट कापणे, धूळ जागच्या जागी शोषून घेणे, दाबाच्या हवेने यंत्र न झाडणे आणि योग्य मुखपट्टी वापरणे हे त्यावरचे उपाय आहेत. लहान कारखान्यात विद्यार्थ्यांची भेट ठरवाल, तेव्हा नक्षी कशी छापतात याबरोबर हवेतली धूळ कुठे जाते, हाही प्रश्न त्यांच्या यादीत असू द्यावा.