"भेटकार्डं? आता येत नाहीत"

तळेगाव दाभाडेला लोकलमधून उतरलं की एक नाही, दोन तळेगावं लागतात. एक स्टेशन आणि एक गाव. १८५८ मध्ये पुणे-खंडाळा रेल्वे सुरू झाली ती सेनापती दाभाड्यांच्या आणि डोळसनाथाच्या गावाला बाजूला ठेवून. मग रुळांच्या कडेला दुसरं तळेगाव वाढलं. आज मधली जागा इमारतींनी बुजली आहे, तरी बोलण्यातली वाटणी टिकून आहे. "गावात राहता का स्टेशनला?" हा इथला पहिला प्रश्न.

या दोन तळेगावांमधल्या रस्त्यावर मी परवा एक भेटकार्ड शोधत हिंडलो. मावशीची पंचाहत्तरी होती. मोबाइलवरच्या फुलांचा तिला कंटाळा आला आहे, असं तिनंच सांगितलं होतं. स्टेशनरीच्या पाच दुकानांत विचारलं. मोबाइलची कव्हरं होती, शाळेच्या प्रोजेक्टचं सामान होतं, फोटो छापून देणारे कप होते. एका ठिकाणी ड्रॉवर उघडून 'हॅपी न्यू इयर'ची चार कार्डं निघाली, कडा पिवळ्या पडलेली. बाकी सगळीकडे उत्तर एकच : "भेटकार्डं? आता येत नाहीत." 'ठेवत नाही' असं कोणी म्हणालं नाही. हंगाम संपलेल्या आंब्याबद्दल बोलावं तसं, 'येत नाहीत'.

निव्वळ कार्डांचं, काचेच्या दाराचं दुकान म्हणजे पुण्याची गोष्ट. नव्वदच्या दशकात त्यासाठी लोकल पकडून लक्ष्मी रस्ता किंवा कॅम्प गाठायचा. इकडच्यासारख्या गावात भेटकार्डाचं दुकान म्हणजे वह्या-पेनांच्या दुकानातला कुरकुरणारा फिरता स्टँड. डिसेंबर लागला की तो आतून बाहेर, पायरीपर्यंत यायचा. त्याच्याभोवती मुलं-मुली उभी राहून फुकट वाचन करायची आणि मालक गल्ल्यावरून ओरडायचा, "घ्यायचं असेल तरच हात लावा!" उघडलं की गाणं वाजवणारं कार्ड तर घेणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत घसा बसलेलं असे. पण त्या वयातल्या मुला-मुलींना कोणाला काही उत्तर न देता शेजारी शेजारी उभं राहता येईल अशा जागा लहान गावात किती असतात? वाचनालय, देऊळ, क्लास आणि हा स्टँड. ती सोय कार्डाबरोबरच गेली, आणि माझ्या मते कार्डापेक्षा ती जाणं मोठं आहे.

आर्चीज ही कंपनी १९७९ मध्ये दिल्लीत सुरू झाली, तीही गाण्यांच्या पुस्तिका आणि पोस्टर विकत. पुढे तिच्या 'गॅलरी' देशभर पसरल्या. कार्डांवरचा मजकूर इंग्रजी, तोही यमक जुळवलेला. मराठी शाळेतली मुलं चित्र बघून कार्ड घ्यायची आणि खाली मराठीत आपलं काय ते लिहायची. काही वेळा वर छापलेलं आणि खाली लिहिलेलं यांचा एकमेकांशी काही संबंध नसे. बिघडत नव्हतं.

पाठवण्याचीही एक रीत होती. पाकीट चिकटवायचं नाही, झाकण आत खोचायचं आणि कोपऱ्यात 'बुक पोस्ट' लिहायचं. तिकीट स्वस्त पडायचं. अट एवढीच, की आत पत्र लिहायचं नाही. घराघरांतली काटकसर आणि घराघरांतला अबोलपणा, दोन्ही त्या न चिकटवलेल्या पाकिटात मावत होते. उघडं पाकीट वाटेत कोणीही वाचू शकतो, मग जास्त लिहायचं कशाला?

मराठी घरांनी मात्र कार्डाला आपलं वळण लावून घेतलं होतं. संक्रांतीचं भेटकार्ड जगात दुसरीकडे शोधून सापडायचं नाही : पत्त्याएवढा कागद, त्यावर पतंग किंवा सुगडं, आणि कोपऱ्यात इवल्याशा पिशवीत टाचलेले हलव्याचे पाच-सात दाणे. पोस्टाच्या शिक्क्याखाली त्यातले निम्मे चिरडले जात, उरलेले चिमूटभर जिभेवर ठेवायचे. दसऱ्याला कोणी पाकिटात आपट्याचं पान घालायचं. ते पोहोचेपर्यंत वाळून कुरकुरीत झालेलं असे, तरी सोनं ते सोनंच.

छापील चित्र टपालातून घरोघर पोचवण्याच्या धंद्याचा एक धागा तर याच रेल्वेमार्गावर आहे. तळेगावहून लोणावळ्याच्या दिशेनं वडगाव, कान्हे, कामशेत आणि चौथं मळवली. राजा रविवर्म्याचा शिळाप्रेस १८९९ मध्ये मुंबईहून तिथं हलवला. लक्ष्मी, सरस्वती आणि शकुंतला मावळातून निघून देवघरांत, दिवाणखान्यांत आणि पोस्टकार्डांवर पोचल्या. पुढे तो छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला, आणि १९७२ मध्ये आगीत संपला.

दुसरा धागा, थेंबाथेंबानं पैसा जमवण्याचा, खुद्द तळेगावचा. अंताजी दामोदर काळे यांनी घरटी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला, टिळकांनी तो उचलून धरला, आणि त्यातून १९०८ मध्ये इथं काचेचा कारखाना निघाला. भेटकार्डांनीही पुढे हीच रीत धरली. ज्या वर्षी आर्चीज निघाली त्याच १९७९ साली मुंबईत रिप्पन कपूर आणि त्यांच्या मित्रांनी पन्नास रुपयांच्या भांडवलावर 'क्राय' ही संस्था सुरू केली. तिनं मुलांसाठी पैसा उभा केला तो बराचसा भेटकार्डं विकून. तिच्याआधी युनिसेफनंही हेच केलं होतं, तिचं पहिलं कार्ड १९४९ चं. त्यावरचं चित्र चेकोस्लोव्हाकियातल्या सात वर्षांच्या मुलीनं काढलं होतं आणि कागद मिळत नव्हता म्हणून काचेवर रंगवलं होतं. पैसा फंडाच्या गावात ही गोष्ट सांगायला मला फार आवडतं. स्टँड गेला तेव्हा ही आण्या-पैशांची मदतही गेली, याची नोंद फारशी कोणी घेतली नाही.

मग कार्डाला मारलं कोणी? मोबाइलनं, हे उत्तर खरं असलं तरी अर्धवट आहे. आधी एसटीडी बूथ आले, मग एसएमएस. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. शुभेच्छांच्या तारेतही ठरलेली वाक्यं होती, नुसता आकडा सांगितला की काम होई. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि दिवाळीच्या पहाटे एकच पणती शंभर घरांत जाऊ लागली. शिवाय दुकानाचं गणित पहिल्यापासून अवघड होतं. एक जानेवारीला न खपलेलं कार्ड पुढच्या डिसेंबरपर्यंत मावळच्या पावसाळ्यात सांभाळायचं. त्याला जागा लागते, आणि चाकणकडे कारखाने वाढले तसं इथल्या गाळ्यांचं भाडं. तेवढ्याच जागेत झेरॉक्सचं यंत्र रोज पैसे देतं. नाताळच्या छापील भेटकार्डाची सुरुवात १८४३ मध्ये ज्या इंग्लंडात झाली, तिथंही क्लिंटन कार्ड्स ही मोठी साखळी २०१२ मध्ये दिवाळखोरीत निघाली. तळेगावच्या दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही.

पण शुभेच्छा कमी झाल्या म्हणाल तर स्टेशन चौकात येऊन बघा. कार्ड मेलं नाही, फुगून फ्लेक्स झालं. पाच इंचांचं वीस फुटांचं झालं. वर वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, मध्ये गॉगल लावलेले 'दादा' नाहीतर 'भाऊ', खाली शुभेच्छुकांचे टपालतिकिटाएवढे चेहरे ओळीनं. बेकायदा फलकांबद्दल उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये कडक आदेश दिले, फलक मात्र खांबांवर आहेतच. कार्ड एकानं एकाला पाठवलेलं असे आणि कपाटात, कपड्यांच्या घडीखाली राहत असे. फ्लेक्सवर ज्याला शुभेच्छा द्यायच्या तो निमित्त, आपण त्या दिल्या हे गावानं पाहणं महत्त्वाचं. हा बदल मला मोबाइलपेक्षा जास्त खटकतो.

छापील कागद टिकला तो लग्नपत्रिकेत. पत्रिका छापणारे आजही कामात आहेत, कारण पत्रिकेत चि. आणि चि. सौ. कां. यांच्यापेक्षा खालची यादी मोठी : निमंत्रक, व्यवस्थापक, समस्त ग्रामस्थ, शिवाय प्रमुख उपस्थितीतली मंडळी. एक नाव गळलं तर दोन पिढ्या बोलणं बंद. ती पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर येते, पण भावकीत अजून अक्षता लावून हातातच द्यावी लागते.

मावशीला मी शेवटी पोस्टकार्ड पाठवलं. ते आजही पन्नास पैशांनाच मिळतं. एक मागितलं तर सुट्ट्यांची पंचाईत होते, म्हणून दोन घ्यावीत. दुसरं कोणाला पाठवायचं ते घरी येईपर्यंत सुचतं. तळेगावला कोणी ओळखीचं असेल, तर पिन कोड ४१०५०६.